ट्रामच्या गावचा फुकट्या

“तिकीट?”

“नको, थँक्यू,” असं म्हणून त्या माणसानं पुन्हा खिडकीच्या काचेला डोकं टेकवलं.

सुकेशनीचा तिकीट मशीनवरचा अंगठा जागच्या जागी थांबला. कंडक्टरच्या नोकरीत तिनं काय काय ऐकलं नव्हतं! सुट्टे नाहीत, पास घरी राहिला, फोनमधलं नेट गेलं, आमची म्हातारी पंच्याहत्तरची हाय पण आधार कार्डानं तिला सत्तरचीच ठेवली... पण लग्नाच्या पंगतीत जिलेबी नाकारावी तसा हात हलवून ‘नको’ म्हणणारा प्रवासी तिला आज पहिल्यांदाच भेटत होता.

“नको म्हंजे? मी काय फुटाणे विकायले का?”

पुढच्या बाकावरच्या दोघी बायका पदराआड हसल्या. ड्रायव्हर लिंबाजीकाकांनी आरशातून मागे बघितलं. तो माणूस दचकून सरळ बसला. तिशीच्या आसपासचा, डोळ्यांत झोप साचलेली, आणि मांडीवरच्या बॅगेला विमानतळाची चिठ्ठी अजून तशीच चिकटलेली.

“सॉरी, सॉरी! सवय मोडलीय हो. आमच्या तिकडं फुकट असतंय.”

“कुठं, सासुरवाडीत?”

“न्हाई हो, लग्न कुठं झालंय अजून...” तो घाईनं म्हणाला, आणि एवढी माहिती कुणी विचारलीच नव्हती हे लक्षात येऊन कानांपर्यंत लाल झाला. “अमेरिकेत. कॅन्सस सिटी म्हणून शहर हाय. तिथं ट्राम हाय, भर रस्त्यात रुळावरून चालती. कुणीबी चढावं, कुणीबी उतरावं. तिकीटच नसतंय.”

“मंग असं करा, हितंच उतरा अन् तिची वाट बघा.”

आता अख्खी गाडी हसली. अख्खी म्हणजे तरी किती? त्या दोघी बायका, एक म्हातारबाबा, आणि आरशातले लिंबाजीकाका.

“डोंगरसावंगी, एक फुल,” तो ओशाळून म्हणाला. “सुलाबाईकडं चाललोय. माझी मावशी.”

म्हणजे हाच तो झरीचा सिद्धोधन! सुलामावशीनं या भाच्याचं कौतुक गावातल्या शेळ्यांनासुद्धा ऐकवून ठेवलं होतं. माझ्या हातची भाकर खाऊन शिकला, इंजिनेर झाला, अमेरिकेत रूळ टाकतोय... सुकेशनीच्या डोळ्यांपुढे काळा गॉगल लावलेला, हवेत तरंगत बोलणारा एक गडी उभा राहिला होता. हा तर शाळेत गृहपाठ विसरलेल्या मुलासारखा बघत होता.

तिनं तिकीट फाडून पुढे केलं. त्यानं ते धरलं. तिनं मात्र लगेच सोडलं नाही... दोष खड्ड्याचा होता. त्या रस्त्यावर खड्ड्यांना काही तोटा नाही.

*

ती गाडी सुकेशनीची होती. सरकारी कागदांवर ती एस्टी महामंडळाची असेल. पण जिंतूरहून येलदरीवरून डोंगरसावंगीला जाणारी ती लाल गाडी सुकेशनीनं अक्षरशः मागून आणली होती.

लहानपणी ती याच गाडीनं शाळेला जायची. सकाळी दहाला गाडी गावात यायची. साडेनऊपासूनच ती पाण्यानं केस चापून बसवून पारावर उभी असायची. त्या गाडीनं तिला दहावी दिली, बारावी दिली, अंगावरची ही खाकी दिली. मग रस्ता उखडला. मग ती महामारी आली, गाडी बंद पडली, आणि बंद पडलेली गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडते तशी तीही पडली. लोक जीपला लोंबकळून जायला लागले. शेजारची रेणुका अकरावीत गेली, पण तिचे वडील तिला त्या जीपमध्ये बसू देईनात. वडलांना वेळ असेल त्या दिवशी मोटारसायकलवरून कॉलेज. नसेल त्या दिवशी घर. रेणुका दारात बसून पुस्तक वाचायची, आणि जीपनं ड्युटीला निघालेली सुकेशनी तिला रोज बघायची.

म्हणून तिनं आगाराच्या साहेबांचा जीव नकोसा करून सोडला. गावच्या सह्या नेल्या, सरपंचांना नेलं, सुलामावशीलासुद्धा नेलं. शेवटी साहेब म्हणाले, “एक महिना चालवून बघू. भारमान बसलं तर ठेवू. नाही बसलं तर पुन्हा नाव काढायचं नाही.”

भारमान म्हणजे गाडीत माणसं किती भरतात त्याचं एस्टीतलं नाव. सुकेशनी तो शब्द झोपेतही बडबडायची.

गाडी कितीची हवी, असं साहेबांनी विचारलं तेव्हा अख्ख्या गावानं एका सुरात सांगितलं होतं: पहिल्यासारखी, दहाची. सगळ्यात मोठा सूर सुकेशनीचा.

आणि आता दहाची गाडी रोज मोकळी जात होती. महिना पुढे पुढे सरकत होता.

*

दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीला सिद्धोधन पारावर हजर.

“जिंतूर, एक फुल,” त्यानं पैसे आधीच काढून ठेवले होते.

“काय काम काढलंत?”

“साबण संपलाय.”

तिसऱ्या दिवशी त्याचं तेल संपलं. चौथ्या दिवशी त्याला जिंतूरची हवा मानवायला लागली. सुलामावशीनं भर पारावर विचारलं, “काय रं, रोज उठून जिंतूरला काय करायलास? दुकान टाकलास का तिथं?” त्यावर लिंबाजीकाका स्टिअरिंगवर हात ठेवून गंभीरपणे म्हणाले, “येऊ द्या मावशी. आमच्या भारमानात भरच पडायलीय.”

मोकळ्या गाडीत गप्पांना जागा भरपूर असते. सुकेशनी आपल्या बाकावर बसायची, तो पलीकडच्या. मधे चालायची वाट. बाहेर पांढराशुभ्र फुटलेला कापूस, मग चढ, मग अचानक येलदरीच्या धरणाचं निळं पाणी... पाणी दिसलं की दोघंही बोलता बोलता गप्प व्हायचे, आणि पाणी मागे पडलं की पुन्हा सुरू.

“तुमची ती ट्राम,” ती म्हणाली, “नवी हाय का जुनी?”

“दोन्ही. ती एकदा मेली, मग पुन्हा जन्माला आली.”

“आमच्या गाडीगत!”

“तसंच म्हणा. पहिल्यांदा खेचरं ओढायची डबे. मग चढ लय म्हणून रस्त्याखालून लोखंडी दोर फिरवला, डबे त्याला धरून चढायचे. मग वीज आली. गल्लोगल्ली रूळ! लोक कामाला ट्रामनं, बाजाराला ट्रामनं, पोरगी बघायला ट्रामनं...”

“ते बरं लक्षात ठेवलंत.”

“महत्त्वाचं तेवढं मी लक्षात ठेवतो.”

तिनं मशीनमध्ये उगाच बटणं दाबली. हसू आलं की ती मशीन तोंडासमोर धरायची, हे त्याला एव्हाना कळलं होतं.

“आन् बसायचं कुठंबी?” तिनं एकदम विचारलं. “का तिथंबी ह्याची जागा वेगळी, त्याची वेगळी?”

हा प्रश्न तिकडं सिद्धोधनला कुणी विचारला नव्हता. त्याच्या मनात मात्र तो पहिल्याच दिवशी आला होता. “दक्षिणेकडच्या कित्येक शहरांत कायदाच होता. काळ्या माणसांनी मागं बसायचं. आमच्या शहरात तसा कायदा न्हवता म्हणतात, पण माणसं सगळीकडं सारखीच की. त्यासाठी लोक लढले, तुरुंगात गेले. आता मी पहिल्या बाकावर बसतो. रोज. मुद्दाम.”

“बसायलाच पायजे,” ती म्हणाली. आवाज एकदम मऊ झाला होता.

“मंग मेली कशी?” तिनंच पुढे विचारलं.

“मोटारी आल्या, बसा आल्या. ट्रामकडं कुणी बघंना. एकोणीसशे सत्तावनला शेवटची धावली. डबे दुसऱ्या गावांना विकले, एका डब्यात तर पुढं हॉटेल निघालं म्हणे. अन् रूळ? रूळ काढायची बी तसदी न्हाई. वरून डांबर ओतलं, झालं.”

“अगं आई! जित्तेच पुरले.”

“मी गेलो तेव्हा ट्राम पुन्हा सुरू होऊन काही वर्षं झाली होती, तिला लांब न्यायचं काम चाललेलं. रस्ता खोदला, तर खाली जुने रूळ! अजून तसेच. आमच्यासोबत डोरथी म्हणून एक म्हातारी होती, लोकांना माहिती सांगायचं काम करायची. ती त्या खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून दिवसभर बसली. म्हणाली, लहानपणी बापाचा हात धरून मी ह्याच्यावरून गेलेय.”

सुकेशनीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. “मंग तेच रूळ ठेवले असतील!”

“न्हाई.”

“कामून?”

“त्यांच्यावर आजची गाडी चालली नसती. आम्ही ते काढले, बाजूला ठेवले, नवे टाकले. मला वाटलं म्हातारी रडंल. तर ती म्हणाली, मला रूळ नकोत पोरा, मला गाडी पायजे.”



*

“ट्राम पुन्हा सुरू व्हायच्या आधी किती वेळा गाडी आणायचा घाट घातला होता,” सिद्धोधन दुसऱ्या दिवशी सांगत होता. “मोठाली, लांबलचक लाईन. लोकांना मतं विचारली, लोकांनी जवळजवळ दर वेळी पाडली. मग कुणाला तरी सुचलं, की आधी बघू तरी लोक आज कुठून कुठं जातात. तेवढ्याच तुकड्यावर टाकली. इवलीशी. ती भरून वाहायला लागली, मग लोकच म्हणाले, आमच्याकडंबी आणा.” तो घुटमळला. “सुकेशनी... रागावणार न्हाईस ना? ही दहाची गाडी... कुणासाठी हाय?”

तो पहिल्यांदाच तिला ‘तू’ म्हणाला होता. एरवी तिला ते सुखानं टोचलं असतं. आज मात्र ती उसळली.

“गावासाठी हाय! तुमी चार दिसाचे पाहुणे. तुमाला काय ठाऊक, ही गाडी दिसंना तेव्हा कसं वाटायचं ते? तुमची मतं, तुमची लाईन ठेवा तुमच्या अमेरिकेत!”

ती उठून पुढे लिंबाजीकाकांच्या मागे जाऊन उभी राहिली. गाडी येलदरीजवळ आली. पाणी दिसलं, पण आज दोघांनीही ते एकत्र बघितलं नाही.

येलदरीच्या थांब्यावर योगायोगानं रेणुका चढली. आत्याकडे आली होती, आता जिंतूरला पुस्तक आणायला निघाली होती. तिकीट देता देता सुकेशनीच्या तोंडून निघून गेलं, “काय गं, आता गाडी आली तरी तू कॉलेजला कामून येत न्हाईस?”

रेणुकानं तिच्याकडे नवलानं बघितलं. “ताई, कॉलेज सकाळी साडेसातला भरतंय. दहाच्या गाडीनं आले तर सुटायच्या टायमाला पोचते मी.”

“मंग... सांगितलं कामून न्हाईस?”

“तुमी इतक्या खुशीत होता. आन् तुमी विचारलंच न्हाई की.”

सुकेशनी बाकावर बसली. कॉलेज सकाळचं झालेलं. कापूस वेचायला पलीकडच्या शिवारात जाणाऱ्या बायका उजाडताच निघायच्या. दूधवाले त्याआधी. दहाला डोंगरसावंगीत कोण असायचं? म्हातारी माणसं, आणि पारावर उभी असलेली, केस चापून बसवलेली एक लहान मुलगी... जी आता मोठी होऊन गाडीच्या आत बसली होती. तिनं गाडी गावासाठी मागितलीच नव्हती. त्या मुलीसाठी मागितली होती.

जिंतूरला उतरताना सिद्धोधन पायरीवर रेंगाळला. “मी जास्त बोललो...”

“बोललात,” ती म्हणाली. मग त्याच्याकडे सरळ बघत, “बरं झालं बोललात. रूळ काढावे लागतील.”

*

“साडेसहाला गावातून सुटायची म्हणजे गाडी रात्री गावातच मुक्कामाला पाहिजे,” साहेब म्हणाले. “आणि बाई कंडक्टरला मुक्कामी ड्युटी मी देत नाही. कुठे झोपणार? काय खाणार? उद्या काही झालं तर?”

“साहेब, माझं घरच तिथं हाय. माझी आई हाय, माझी गादी हाय, माझ्या कोंबड्या हायत. मी मुक्कामाला गेले की घरी जाणार.”

इतक्या वर्षांत मुक्कामी गाडीचा कंडक्टर मुक्कामाच्या गावचाच असला तर, हा विचार कुणी केला नव्हता.

“आणि ड्रायव्हर?”

“लिंबाजीकाकांची सोय समाजमंदिरात. जेवण पाळीनं, रोज एका घरी. विहारात बसून गावानं ठरवलंय, वरच्या आळीनं बी पाळी घेतलीय.”

“दुधी भोपळा करणारं घर तेवढं वगळा म्हणावं,” लिंबाजीकाका दारातून म्हणाले.

“महिना वाढवून मिळणार नाही,” साहेबांनी बजावलं. “उरलेत तेवढ्याच दिवसांत भारमान दाखवा. शेवटच्या दिवशी मी स्वतः येईन.”

*

पहिल्या सकाळी धुई इतकी दाट होती की पारावरचा पिंपळ नुसता सळसळीनं ओळखावा. गाडी घुरघुरत उभी होती. धुईतून एक आकृती आली, गळ्याशी मफलर, हातात पितळी डबा.

“मावशीनं चहा दिलाय. ड्रायव्हर-कंडक्टरसाठी म्हणाली,” सिद्धोधन म्हणाला. डब्यात तिघांना पुरेल एवढा चहा होता. लिंबाजीकाकांनी आपला वाटा घेतला आणि टायर बघायच्या निमित्तानं गाडीला एक लांबलचक फेरी मारली.

“तुमी कशाला उठलाव एवढ्या पहाटं? आज काय संपलंय?”

“आज काहीच संपलं न्हाई. आज सुरू व्हायलंय.”

चहाची वाफ दोघांच्या मधे होती म्हणून बरं झालं. नाहीतर तिला कुठं बघावं ते सुचलं नसतं.

रेणुका आली, तिची मैत्रीण आली, कापूस वेचणाऱ्या दोघी आल्या. संपलं. समोर जीपवाला बालाजी माणसं कोंबत होता. तो ओरडला, “काय ताई, मोकळी गाडी घेऊन धुई वाहायलाव का जिंतूरला?”

“थांबायचं का मास्तर थोडं?” लिंबाजीकाकांनी विचारलं. एस्टीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तरच म्हणतो, मग ती बाई का असेना. “लांबून कुणीतरी पळत यायलंय.”

ती कस्तुराबाई होती. मजूर बायकांची मुकादम, आणि गावातलं सगळ्यात तिखट तोंड. ती आली असती तर तिच्यामागे चार जणी आल्या असत्या. सुकेशनीनं घड्याळ बघितलं. साडेसहा. तिनं नकळत सिद्धोधनकडे बघितलं; तो तिच्याकडे बघत राहिला. ‘तुझी गाडी आहे,’ असं म्हणत असल्यासारखा.

“न्हाई काका,” ती म्हणाली. “टाइम झाला. निघा.”

कस्तुराबाईनं धुईत उभं राहून गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अख्ख्या गावानं तो ऐकला. आणि अख्ख्या गावाला कळलं, की ही गाडी साडेसहा म्हणजे साडेसहाला जाते.

दुसऱ्या दिवशी सव्वासहालाच कस्तुराबाई पारावर कमरेवर हात ठेवून उभी. सोबत तिची अख्खी टोळी. “आज बघते कशी सोडतीस मला!”

मग रोज माणसं वाढत गेली. दुधाच्या किटल्या आल्या, येलदरीच्या मासळीच्या पाट्या आल्या. आणखी दोन पोरींचे बाप त्यांना स्वतः पारावर सोडायला आले. आता सुकेशनीला बसायला सवड नव्हती. गर्दीतून वाट काढताना सिद्धोधनचा खांदा यायचा, तेवढ्यात गाडी वळायची, तेवढ्यात ‘ताई, दोन हाफ’ अशी हाक यायची... बोलायचं राहून जायचं. ज्या गाडीनं त्यांना गप्पा दिल्या होत्या, तीच भरून वाहायला लागल्यावर गप्पा हिरावून घेत होती. सुकेशनीला आनंदही होत होता आणि कुठंतरी आत टचकन टोचतही होतं.

*

“भाच्याला तिकडं आणखी लाईन टाकायला बोलवायलेत,” सुलामावशीनं एका दुपारी शेवग्याच्या शेंगा देता देता सांगितलं. “मोठा साहेब करणार म्हणे. गेला तर आता काय परत येतंय लेकरू!” बोलताना मावशी शेंगांकडे बघत नव्हती, सुकेशनीकडे बघत होती.

संध्याकाळच्या फेरीला तो चढला तेव्हा सुकेशनीनं तिकीट फाडलं, हातात दिलं आणि पुढे गेली. मशीन तोंडासमोर धरायची वेळच आली नाही. येलदरीला अवकाळी पावसाचे चार थेंब पडायला लागले. लिंबाजीकाका मासे घ्यायला उतरले, बाकीची माणसं चहाला. गाडीत दोघंच. पत्र्यावर टप... टप...

“रागावलीस?”

“मी कशाला रागवू? रूळवाल्या माणसानं रुळाकडं जावं.”

“तू एकदा विचार तरी, राहतो का म्हणून.”

“न्हाई विचारणार.” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. काचेवरून पाणी ओघळत होतं. “मी विचारलं, अन् तुमी माझ्यासाठी राहिलात, तर जन्मभर माझ्या मनाला लागून राहील. आन् तुमी मला तिकडं चल म्हणालात, तर... मी गाडी सोडणार न्हाई. आधीच सांगते. रेणुकाची बारावी व्हायचीय. तिच्यामागं दुसऱ्या हायत.”

“मी तुला गाडी सोड म्हणालो का?”

“न्हाई. पण...”

“पण काय?”

लिंबाजीकाका मासे घेऊन चढले. सगळी गाडी मासळीच्या वासानं भरून गेली, आणि ते ‘पण’ तसंच अधांतरी राहिलं.

*

महिन्याचा शेवटचा दिवस. सहा वाजताच पारावर जत्रा. आज साहेब येणार, आज गाडीचा निकाल लागणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. जिंतूरला काम नसलेली माणसंसुद्धा धुतलेले कपडे घालून आली होती. त्यातच सिद्धोधनची ती मोठी बॅग. आजच त्याला निघायचं होतं: जिंतूर, परभणी, मग मुंबई, मग ते शहर.

दार उघडायच्या आधीच कस्तुराबाई ओरडली, “खिडकीतून टाका गं!” आणि बघता बघता खिडक्यांमधून रुमाल, टॉवेल, पिशव्या, एक टोपी आणि कुणाचं तरी चक्क झबलं आत पडलं. एस्टीत रुमाल पडला की जागा धरली. त्यापुढे तहसीलदाराचंही काही चालत नाही. सुकेशनी दारात उभी राहून बघतच राहिली. तिच्या गाडीत जागा धरायची वेळ आली होती! तिला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि कोणतं आधी येऊ द्यावं हे कळत नव्हतं.

एक निळा रुमाल पुढच्या खिडकीतून आत आला आणि कंडक्टरच्या बाकावर, तिच्या शेजारच्या जागेवर अलगद पडला.

“तुमचा हाय का हा?” तिनं खिडकीतून वाकून विचारलं.

सिद्धोधन खाली उभा होता. “माझाच. जाऊन, तिकडचं आवरून, उन्हाळ्याच्या आत परत येतोय. त्यांना कालच कळवून टाकलं. रूळ काय तिकडंच लागत न्हाईत, परभणीकडंबी रेल्वेच्या दुहेरी मार्गाचं काम निघालंय. तू विचारलं न्हाईस, म्हणून माझं मीच ठरवलं. तुझ्यासाठी राहत न्हाई. मला हितं राहायचंय, आन्... तुझ्या शेजारी. गाडी तू सोडू नकोस. नुसती जागा धरू दे. चालंल का?”

सुकेशनीचे ओठ हलले. पण मागून पंधरा जण एकदम ओरडले, “ताई, सरका की!” आणि गर्दीच्या लोंढ्यानं ती आत ढकलली गेली.

गाडी साडेसहाला निघाली. ती मागच्या टोकापासून तिकिटं फाडत येत होती. तो आपल्या रुमालाशेजारी, बाकाच्या अर्ध्या कडेवर, परीक्षेला बसल्यासारखा बसला होता. मधे एवढी माणसं, की त्याला नुसता तिचा आवाज ऐकू येत होता: “पुढं सरका... सुट्टे द्या... कुठं उतरायचंय आजी?” त्या आवाजातून उत्तर शोधत तो बसून राहिला. उत्तर काही मिळेना.

येलदरीला साहेब चढले. खरं तर त्यांना लोकांनी चढवलं. एक पाय पायरीवर ठेवला आणि उरलेले साहेब गर्दीनंच आत ओढले. चष्मा तिरपा झाला, हातातली पिशवी कुणाच्या तरी किटलीला अडकली. कसेबसे बाकांमधल्या वाटेत उभे राहून ते घाम पुसत गाडीभर बघू लागले. पुढून मागपर्यंत नुसती डोकी.

सिद्धोधन भिडस्त माणूस. तो पटकन उठला. “बसा साहेब.”

साहेब हुश्श करत वाकले. बूड टेकणार, इतक्यात मधूनच, डोक्यांवरून, किटल्यांवरून, पाट्यांवरून सुकेशनीचा खणखणीत आवाज आला.

“साहेब, तिथं बसू नका!”

साहेब अर्धे वाकलेले तसेच.

“रुमाल हाय तिथं,” ती म्हणाली. “ती जागा धरलेली हाय.”

“कुणी?” साहेबांनी विचारलं.

सुकेशनी गर्दीतून पुढे आली. टोपी सरळ केली. सिद्धोधनकडे एकदा, फक्त एकदाच बघितलं. मग मान किंचित खाली घालून, पण अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“ह्यांनी.”

‘ह्यांनी’! सुलामावशी, भाच्याला पोचवायला आलेली, मागच्या बाकावरून किंचाळली, “ऐकलं का गं कस्तुरे, ‘ह्यांनी’ म्हणाली!” कस्तुराबाईनं किटलीच्या झाकणावर ताल धरला. पोरींनी शिट्ट्या मारल्या. लिंबाजीकाकांनी येलदरीच्या त्या रिकाम्या चढावर, समोर चिटपाखरू नसताना, इतका वेळ हॉर्न दाबून धरला की धरणावरचे बगळे उठून गेले.

साहेबांनी चष्मा नीट केला. वरचा दांडा धरला, आणि त्या धक्काबुक्कीत उभे राहून, हसू दाबत म्हणाले, “ठीक आहे. मी उभाच येतो. उद्यापासूनही ही गाडी साडेसहाचीच राहील. पण मास्तर, माझं तिकीट?”

“देते ना साहेब,” सुकेशनी म्हणाली, आणि सिद्धोधनकडे वळून हळूच, “तुमी बसा. वळण आलंय, पडाल.”

तो बसला. ती त्याच्या शेजारी बसली. खिडकीत अचानक ते निळं पाणी आलं, आणि गाडी कितीही भरलेली असली तरी ते बघायला दोघांना पुरेल एवढी काच रिकामी होती.